तिसऱ्या सुराआधीची जागा

आमच्या प्रेस शॉपच्या, म्हणजे पत्रा दाबून आकार देणाऱ्या मशीनांच्या विभागाच्या, दारात एक काळा फळा आहे. वर रंगानं लिहिलंय, 'विनाअपघात दिवस', आणि खाली खडूनं आकडा. रोज सकाळी फर्स्ट शिफ्टचा सुपरवायझर ओल्या फडक्यानं कालचा आकडा पुसतो आणि एकनं वाढवून लिहितो. भोसरीतल्या या शॉपमध्ये मी बावीस वर्षं मेंटेनन्सला आहे. एवढ्या वर्षांत तो आकडा शून्यावर आलेला मी चार वेळा पाहिलाय. चारही वेळा बोटं.

मला लिहायचंय ते १९७० सालच्या एका हेवी मेटल अल्बमबद्दल. सुरुवात प्रेसपासून केली, कारण माझ्यासाठी या दोन गोष्टी आता वेगळ्या राहिलेल्या नाहीत. मेटल आणि पत्रा अशी कोटी करायचा माझा इरादा नाही. ती कोटी आमच्या टूलरूमवाल्यांची कधीच करून झाली आहे.

तर अल्बम 'ब्लॅक सॅबथ'. बँडचं नाव तेच, अल्बमचं तेच, पहिल्या गाण्याचंही तेच. तीन पाट्यांवर एकच नाव, चाळीत असतं तसं.

कॅसेट सुरू केली की आधी पाऊस ऐकू येतो. मोठा नाही, रिपरिप. मग लांबून घंटा. आपल्या देवळातल्यासारखी सगळ्यांनी मिळून बडवलेली नाही. एक ठोका, बराच वेळ काही नाही, पुन्हा एक ठोका. कुणीतरी गेल्यावर वाजवतात तशी. ढग गडगडतात. अर्ध्या मिनिटाहून जास्त हेच चालतं. पहिल्यांदा ऐकताना मला वाटलं, मित्रानं चुकून दुसरंच काहीतरी भरून दिलंय. तेवढ्यात गिटार, बास आणि ड्रम एकदम कोसळतात. एक सूर. मग तोच वरच्या सप्तकातला. मग खाली उतरून मधलाच एक, आणि तो थरथरत राहतो. बस. तीन सूर. पुन्हा तेच. पुन्हा तेच.

तेव्हा मी डिप्लोमाला होतो, १९९५चा पावसाळा. घरात एकच टेपरेकॉर्डर, स्वयंपाकघराच्या ओट्यावर. ऑझी ऑस्बोर्न गायला लागला तसं आईनं पोळी लाटता लाटता विचारलं, "कोण वारलंय रे त्याचं?" एवढं नेमकं परीक्षण मी त्यानंतर कुठेही वाचलेलं नाही.

ताई तेव्हा प्रवेशिका पूर्णची तयारी करत होती, त्यामुळे घरात पेटी होती. ते तीन सूर मी पेटीवर शोधून काढले. सा, वरचा सा, आणि मग उतरून मधला तीव्र मध्यम. ताईनं दोन-तीनदा ऐकलं. म्हणाली, "अरे, हा तर यमनमधला तीव्र म. पण तू त्याला पंचमाकडे जाऊच देत नाहीयेस. दारात उभं करून ठेवलंयस बिचाऱ्याला."

अगदी बरोबर. यमनमध्ये तोच सूर येतो, पण त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं असतात. गंधाराकडून यायचं, पंचमावर टेकायचं, संध्याकाळ निवांत होते. इथे त्याला ना मागचा ना पुढचा. सा आणि तीव्र म यांच्यातल्या या अंतराला युरोपात जुन्या काळी 'संगीतातला सैतान' म्हणायचे. चर्चनं त्यावर बंदी घातली होती, वाजवणाऱ्याला शिक्षा व्हायची वगैरे मेटलवाले रंगवून सांगतात, ती दंतकथा. रचना शिकवताना हे अंतर टाळा म्हणून सांगत, इतकंच. आणि बँडला ते सापडलं कुठे, तर बासवादक गीझर बटलर संगीतकार होल्स्टच्या 'द प्लॅनेट्स' या वाद्यवृंदरचनेतला 'मार्स'चा भाग बासवर वाजवून बघत होता, त्यावरून गिटारवाल्या टोनी आयोमीला हा तुकडा सुचला. शाळेत शिकवतात असल्या संगीतातून.

पण धाक त्या सुरात नाही, असं माझं मत. धाक त्याच्या आधीच्या जागेत आहे. वरचा सा वाजतो, विरायला लागतो, आणि तिसरा सूर येणार हे आपल्याला ठाऊक असतं. पण हे लोक घाई करत नाहीत. १९६९ साली सगळं जग जोरात आणि भरपूर वाजवत होतं, आणि ही चार पोरं दोन ठोक्यांच्या मधे एवढी जागा सोडत होती की तिथे उभं राहून माणसाला स्वतःचा श्वास ऐकू यावा. प्रेसचा रॅम, वरून खाली आदळणारा तो जड भाग, वर थांबतो ना, तसं. वर थांबलेल्या रॅमकडे जो निर्धास्त बघू शकतो, त्यानं कधी प्रेसवर काम केलेलं नाही.

चौघंही इंग्लंडातल्या बर्मिंगहॅमच्या अ‍ॅस्टन भागातली. महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यांचे ढिगारे अजून उचलायचे होते, त्यात खेळत मोठी झालेली. कारखान्यांचं गाव, शाळा सुटली की गेटच्या आत जायचं, एवढंच ठरलेलं. ऑझीचे वडील टूलमेकर, रात्रपाळीचे. आई लुकासच्या कारखान्यात, गाड्यांचे सुटे भाग बनवायचे तिथे. ऑझीलाही तिथेच चिकटवलं होतं, गाड्यांचे हॉर्न ट्यून करायला. दिवसभर हॉर्न वाजवून बघायचे. नंतर त्यानं कत्तलखान्यात काम केलं, घरफोडी केली, काही आठवडे तुरुंगात काढले. बटलर एका ऑफिसात हिशेब शिकत होता. आणि आयोमी पत्र्याच्या कारखान्यात वेल्डर.

आयोमीचा अपघात मेटल ऐकणाऱ्या प्रत्येकाला तोंडपाठ असतो. कामाचा शेवटचा दिवस, वय सतरा, दोन बोटं गेली. मी तो ऐकला तेव्हा एक गोष्टच होती. पुढे या धंद्यात आल्यावर तो मला रिपोर्टसारखा वाचता यायला लागला. तो नेहमी वेल्डिंग करायचा. त्या दिवशी प्रेसवरची बाई आली नाही, म्हणून याला तिथे बसवलं. म्हणजे नवखा माणूस, अनोळखी मशीन, माणूस कमी म्हणून केलेली तात्पुरती सोय. आणि मन गावाला गेलेलं, कारण बँडबरोबर युरोपच्या दौऱ्यावर निघायचं होतं. दुपारी जेवायला घरी आला तेव्हा परत जाणार नाही म्हणत होता. आईनं सांगितलं, घेतलेलं काम पुरं करून ये. गेला. प्रेस हातावर आली. आणि त्यानं हात मागे ओढला.

हे ओढणं सांगून थांबवता येत नाही. आमच्याकडच्या चारपैकी दोघांनी ओढला होता. हात अडकला की मेंदूला विचारायला कुणी थांबत नाही, आणि जे फक्त चिरडलं असतं ते तुटून येतं. आयोमीच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे गिटारच्या तारा दाबायचा हात तोच.

दरवर्षी सुरक्षा सप्ताहात आम्हाला पोरांसमोर बोलावं लागतं. तीच ती चित्रं दाखवून कंटाळा आला म्हणून एका वर्षी मी ही गोष्ट सांगितली. पोरं मन लावून ऐकत होती. संपल्यावर मागच्या बाकावरून एका कंत्राटी ऑपरेटरनं हात वर केला. "सर, मग त्याला मिळालं काय?"

मी म्हटलं, "एक रेकॉर्ड."

सगळे हसले. पण ते खरं आहे. फोरमननं त्याला गिटारवादक जँगो राइनहार्टची रेकॉर्ड ऐकवली. आधी वाजवणं ऐकवलं आणि मग सांगितलं, या माणसाच्या डाव्या हाताची दोन बोटं जळाली आहेत. १९२८ साली त्याच्या घरगाडीला आग लागली होती; त्यानंतर तो दोनच बोटांवर सगळं सोलो वाजवायचा. आयोमी उठून कामाला लागला. मी फोरमन बरेच पाहिलेत. असा एकही नाही, आणि मी स्वतःही तसा निघालो नाही. चौथ्या अपघातानंतर मी हॉस्पिटलात त्या पोराच्या शेजारी बसलो होतो, तेव्हा माझ्याकडे द्यायला फक्त एक फॉर्म होता.

मला सगळ्यात आवडतो तो यापुढचा भाग, कारण तो शुद्ध मेंटेनन्सचा आहे. आयोमीनं भांडी घासायच्या लिक्विडची प्लॅस्टिकची बाटली घेतली, वितळवून तिचा गोळा केला, तापलेल्या सोल्डरिंग आयर्ननं त्यात बोट जाईल एवढं भोक पाडलं. मग घासपेपर. बोटात घालून बघायचं, टोचतंय, पुन्हा घासायचं. बोटाच्या आकाराची टोपी झाली, पण प्लॅस्टिक तारेवर घसरतं. म्हणून जुन्या जाकिटाचं चामडं कापून वर चिकटवलं. आमच्या भाषेत सांगायचं तर त्यानं स्वतःच्या हाताला फिक्स्चर, म्हणजे कामापुरतं खास जोडसाधन, बनवलं. टोपीतून तार जाणवत नाही, तेव्हा किती दाबलं हे कानानं ठरवायचं. जाड तारा दाबता येईनात, म्हणून बँजोच्या पातळ तारा आणून लावल्या. बोटं पसरून धरायचे मोठे कॉर्ड, म्हणजे एकदम वाजवायचे सूर, जड जायचे, म्हणून दोन-तीन सुरांचे, सा-पचे आटोपशीर कॉर्ड. त्यांवर आवाज फाटेपर्यंत अ‍ॅम्प्लिफायर. ही सगळी जोडाजोड करून झाल्यावर जे उरलं, त्याला पुढे लोक हेवी मेटल म्हणायला लागले.

इथे एक दुरुस्ती. आयोमीनं बोटांवरचा ताण कमी करायला तारा सैल केल्या, सूर उतरवले आणि त्यातून तो खर्जातला आवाज आला, असं या अल्बमबद्दल सर्रास सांगतात. तारा तीन अर्धस्वर उतरवल्या त्या १९७१ सालच्या तिसऱ्या अल्बमपासून. पहिला अल्बम नेहमीच्याच पट्टीत आहे. त्याचं वजन पट्टीतून आलेलं नाही.

तो केलाही एका दिवसात. १६ ऑक्टोबर १९६९, लंडनचा रीजंट साउंड स्टुडिओ, निर्माता रॉजर बेन. रोज रात्री वाजवतो तसंच वाजवायचं, ऑझी बाजूच्या खोलीत उभा राहून त्याच वेळी गाणार. पाऊस आणि घंटा नंतर जोडली. त्यातही ब्रेकडाउन झालाच. आयोमीची आवडती गिटार फेंडर स्ट्रॅटोकास्टर. रेकॉर्डिंगला घेतलेलं पहिलंच गाणं होतंय तोच तिचा पिकअप, तारांचा आवाज पकडणारा भाग, गेला. दुरुस्तीला वेळ कुठला? स्टँडबाय म्हणून आणलेली गिब्सन एसजी काढली आणि उरलेलं सगळं तिच्यावर वाजवलं. पुढे जन्मभर तो माणूस एसजीवाला म्हणून ओळखला गेला. आमच्याकडेही अशी एक मशीन आहे. तात्पुरती म्हणून २००६ साली बसवली होती.

अल्बम बाजारात आला १३ फेब्रुवारी १९७० ला. शुक्रवार होता, तेरा तारखेचा शुक्रवार म्हणजे तिकडे अशुभ, कंपनीनं बरोबर साधला. आवरणावर ऑक्सफर्डशायरमधली मेपलडरहॅमची जुनी पाणचक्की, पुढे काळ्या झग्यात एक फिकट बाई. आवरण उघडलं की आत उलटा क्रॉस. तो कंपनीनं परस्पर छापला होता, आणि बँड वैतागला. कारण ही पोरं सैतानाला भजणारी नव्हतीच. बटलर तर आयरिश कॅथलिक घरातला. त्याला जादूटोण्याच्या पुस्तकांचा नाद होता, खोली काळी रंगवलेली, आणि एका रात्री पलंगाच्या पायथ्याशी कुणीतरी काळं उभं दिसलं. त्यानंतर त्यानं तो नाद सोडला. पहिल्या गाण्यात तेच आहे. गाणारा सैतानाला बोलावत नाही. समोर उभं कोण आहे ते कळत नाही म्हणून त्याची बोबडी वळलीय, तो देवाचा धावा करतोय. बँडचं नावही मारिओ बावाच्या १९६३ सालच्या भयपटावरून उचललेलं. लोक पैसे देऊन घाबरायला जातात, मग घाबरवणारं संगीत का करू नये, असा साधा हिशेब.

लोक मागे लागायला लागले, कुणी शाप देऊ लागलं, तेव्हा ऑझीच्या वडिलांनी कारखान्यात अ‍ॅल्युमिनियमचे क्रॉस बनवले आणि पोरांच्या गळ्यात घातले. मेटलवाल्यांच्या छातीवर दिसणारे ते क्रॉस म्हणजे एका टूलमेकर बापानं केलेला ताईत. आमच्या टूलरूममध्ये अ‍ॅल्युमिनियमच्या तुकड्यातून गणपती घडवलेले मी पाहिलेत, त्यामुळे मला हे वाचून अजिबात नवल वाटलं नाही.

समीक्षकांनी अल्बम धुतला. क्रीम या बँडची भिकार नक्कल, असा सूर होता. ब्रिटनमध्ये मात्र तो आठव्या क्रमांकापर्यंत चढला. विकत घेणारी पोरं अ‍ॅस्टनसारख्याच ठिकाणची असणार, असं मला नेहमी वाटतं.

सगळा अल्बम सारखा चांगला आहे असं मी म्हणणार नाही. 'इव्हिल वुमन' दुसऱ्या बँडचं, गळ्यात मारल्यासारखं आहे आणि ते कळतं. 'वॉर्निंग'मध्ये आयोमी एवढा वेळ एकटा वाजवत बसतो की कॅसेटच्या काळात मी तेवढ्यात चहा ठेवून यायचो. बेननं तो तुकडा आधीच कापून लहान केलाय म्हणे, आभार. पण 'एन.आय.बी.'ची सुरुवात! बटलर एकटाच बासवर चालत येतो, जिना उतरणाऱ्या जाड माणसासारखा, आणि मग सगळे येऊन मिळतात. सैतान प्रेमात पडलाय असं ते गाणं. नावाचा अर्थ लावताना भल्याभल्यांनी काय काय शोधलं. मूळ गंमत एवढीच की ड्रमर बिल वॉर्डची दाढी त्यांना पेनाच्या निबसारखी दिसायची.

बिल वॉर्डबद्दल मी बरीच वर्षं चुकत होतो. मित्रांना सांगायचो, बघा, हे ड्रम म्हणजे कारखान्याचा आवाज, हा स्ट्रोक, हा रिटर्न. आवडायचं त्यांना. मग एकदा नाइट शिफ्टला कानात हे, आणि समोर दीडशे टनी प्रेस चालू. आणि जुळेना. प्रेसचा ठोका जिथल्या तिथे पडतो. वॉर्ड किंचित रेंगाळतो, मधे बारीक काहीतरी शिंपडतो, झोका घेतो. तो जाझच्या ड्रमरांवर वाढलेला, ते हातातून कसं जाणार? मशीन झोका घेत नाही. त्या गावातली माणसं दिवसभर मशीनच्या तालावर हात हलवत होती, आणि संध्याकाळी हा माणूस तेवढंच वजन घेऊन स्वतःच्या तालात चालत होता. मला वाटतं, मी इतकी वर्षं जे ऐकायला परत परत जातोय, ते हे. वजन तेवढंच, पण हातात आपल्या.

त्या चौथ्या अपघाताच्या रात्री मी हॉस्पिटलातून घरी आलो, बायको-मुलं झोपली होती. गॅलरीत बसून हेडफोनवर पहिलं गाणं लावलं. घाबरायला नव्हे, घाबरलेलोच होतो. दुपारपासून ते अंगात नुसतं इकडेतिकडे धावत होतं, त्याला त्या संथ तीन सुरांनी कुठेतरी बसवलं. शेवटच्या दीड-दोन मिनिटांत गाणं एकदम घोड्यासारखं उधळतं. तोवर माझे हात थांबले होते.

५ जुलै २०२५ ला या चौघांनी शेवटचं वाजवलं, अ‍ॅस्टनमध्येच, व्हिला पार्कच्या मैदानावर. मूळचे चौघं वीस वर्षांनी एकत्र. पार्किन्सन्समुळे ऑझीला उभं राहता येत नव्हतं, काळ्या सिंहासनावर बसून गायला. आपल्याकडे पहाट व्हायला आली होती. मी मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवून बघत होतो. चारच गाणी, त्यात पहिल्या अल्बममधलं फक्त 'एन.आय.बी.'. तीन सुरांची मी वाट पाहिली. आले नाहीत. शेजारी आषाढीचे अभंग सुरू झाले, तेव्हा बंद केलं.

सतरा दिवसांनी, मंगळवारी, ऑझी गेला. आई असती तर तिला सांगितलं असतं, तोच वारला.

गुरुवारी आमच्याकडे वीकली ऑफ, म्हणजे मेंटेनन्सचा दिवस. अडीचशे टनीच्या क्लचची लायनिंग बदलायची होती. बरोबर नवीन आयटीआयचा पोरगा, हातात स्पॅनर, चुळबुळ करणारा. मोटर बंद केली, मेन स्विचला कुलूप घातलं, किल्ली खिशात. पण फ्लायव्हील, प्रेसचं ते जड चाक, लगेच थांबत नाही. तेवढा लोखंडाचा गोळा, आपल्याच वजनानं फिरत राहतो. शॉपमध्ये दुसरा आवाज नव्हता. घूं... आणि मग थोडी जागा. घूं... आणि जरा जास्त जागा. पत्र्यावर बाहेरचा पाऊस.

पोरगा पुढे सरकला. मी त्याच्या दंडाला धरलं.

"थांबलं की, सर."

"अजून एक आहे," मी म्हटलं.